व्यंकटेश माडगूळकर : बंदूक खाली ठेवलेला शिकारी आणि आपला नागझिरा



मराठीच्या पाठ्यपुस्तकात पाठाच्या आधी लेखकाची ओळख करून देणारी एक चौकट असते. जन्म, मृत्यू, पुस्तकांची नावं, पुरस्कार. परीक्षेला तेवढं पुरतं, म्हणून आपण ती पाठ करतो आणि पान उलटतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या चौकटीत 'माणदेशी माणसं', 'बनगरवाडी', 'सत्तांतर' यांच्या सोबत 'नागझिरा' हे एक नाव येतं. भंडारा जिल्ह्यातल्या मुलांनी तरी त्या नावापाशी थोडं थांबायला हवं. पार तिकडच्या सांगली जिल्ह्यातला, कोरड्या माळावर वाढलेला, शिकारीचा नाद असलेला एक माणूस आपल्या जिल्ह्यातल्या रानात येतो काय, जनावरं बघत राहतो काय आणि त्यावर पुस्तक लिहितो काय! हा माणूस इथं कसा पोचला, ते आज बघू.

व्यंकटेश दिगंबर माडगूळकर यांचा जन्म 1927 सालचा. गाव माडगूळ, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं. तेव्हा हा भाग औंध संस्थानात होता आणि वडील संस्थानच्या नोकरीत कारकून होते. घरात पैसा बेताचाच. थोरले भाऊ म्हणजे गजानन दिगंबर माडगूळकर, आपले गदिमा. ते व्यंकटेशपेक्षा आठ वर्षांनी मोठे. घरात ते अण्णा आणि हे तात्या. एकाच घरातून दोन एवढे मोठे लेखक निघाले, पण दोघांच्या लेखणीची जात अगदी वेगळी. अण्णांचं गाणं ओठावर बसतं. तात्यांचं गद्य डोळ्यांपुढे उभं राहतं.

आता माणदेश म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलांना सांगावं लागतं. आपण झाडीपट्टीतले. आपल्याला धानाची बांधी, बोडी, तलाव, चिखल आणि हिरवं रान माहीत. आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हाच म्हणतात. माणदेशात यातलं काहीच नाही. पाऊस जेमतेम, तोही लहरी. मुरमाड माळ, खुरटी बाभळ, निवडुंग, मेंढरं आणि मेंढरांमागे फिरणारे धनगर. अशा उघड्या माळावर लपायला जागा नसते. ससा, खोकड, लांडगा, तितर, होला, जे काही असेल ते लांबूनच दिसतं आणि त्यालाही तुम्ही लांबूनच दिसता. मला वाटतं, माडगूळकरांची नजर इथं तयार झाली. एवढ्या मोकळ्या रानात बारीकशी हालचाल टिपायची तर डोळ्याला सवयच लागते.

शाळेत ते फार रमले नाहीत. 1942 ची चळवळ सुरू झाली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. चळवळीत उतरले आणि शाळा सुटली ती सुटलीच. मॅट्रिकचा दाखला त्यांच्याकडे कधीच नव्हता. पुढे इंग्रजी त्यांनी स्वतःच्या स्वतः शिकून घेतलं, ते परदेशी लेखक वाचायचे होते म्हणून. (हे वाचून कुणी शाळा सोडायचा बेत करू नये. शाळा सुटल्यावर हा मुलगा कितीतरी पट जास्त वाचत होता.) काही काळ त्यांनी एका खेड्यात मास्तरकी केली. चित्र काढण्याचा नाद होता, तो मरेपर्यंत टिकला. आणि तिसरा नाद शिकारीचा.

1946 च्या सुमाराला त्यांची 'काळ्या तोंडाची' ही कथा 'अभिरुची' मासिकात आली आणि जाणत्या वाचकांचं तिकडे लक्ष गेलं. 1949 साली 'माणदेशी माणसं' हे पुस्तक निघालं. झेल्या, धर्मा रामोशी, रामा मैलकुली ही त्यातली माणसं आजही मराठीच्या वर्गात येऊन बसतात. लेखक तेव्हा फक्त बावीस वर्षांचा होता. 1955 साली 'बनगरवाडी' आली. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, त्याची चालू न होणारी शाळा, हळूहळू जडलेला जीव आणि शेवटी दुष्काळाने रिकामी झालेली वाडी. शिक्षकांनी तर ही कादंबरी वाचलीच पाहिजे, पण तो आजचा विषय नाही. त्याच 1955 साली ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात लागले. गंमत बघा, त्याच वर्षी त्याच केंद्रावरून थोरल्या भावाचं 'गीतरामायण' सुरू झालं होतं. मधल्या काळात त्यांनी चित्रपटांसाठी लिहिलं, पुढे 'पती गेले गं काठेवाडी'सारखी नाटकं लिहिली. हे सगळं मी भराभर सांगतोय, कारण ते तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल.

शिकारीकडे येऊ. आज शिकार हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस, वनखातं, कोर्ट उभं राहतं. माडगूळकरांच्या तरुणपणी तसं नव्हतं. शिकार हा तेव्हा राजरोस चालणारा शौक होता. सरकारी राखीव जंगलाचे गट पाडलेले असत. परवाना काढायचा, ठरलेल्या मुदतीसाठी एक गट आपल्याला मिळायचा आणि कोणती जनावरं, किती मारायची ते परवान्यावर लिहिलेलं असायचं. जंगल सरकारचं, म्हणजे म्हणायला सगळ्यांचं. प्रत्यक्षात परवाना काढणं परवडायचं ते साहेबाला, जमीनदाराला, शहरातल्या हौशी माणसाला. त्याच जंगलाच्या काठावर राहणारा गोंड किंवा ढिवर तीरकमठा नाहीतर फासा घेऊन पोटासाठी एखादं जनावर मारायचा, तेव्हा तो चोर ठरायचा. इतिहासाच्या पुस्तकात वनकायद्यांचा धडा येतो तेव्हा ही बाजू लक्षात ठेवा. माझ्या मते ती धड्यात फारच थोडक्यात येते.

तीरकमठ्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. बंदुकीने शिकार करणाऱ्याला जनावर शंभर पावलांवर असलं तरी चालतं. बाण मारणाऱ्याला तसं चालत नाही. साध्या धनुष्याने हरणाला नेमका बाण बसवायचा तर ते वीस-पंचवीस पावलांच्या आत यावं लागतं. तेवढ्या अंतरावर हरणाचं नाक, कान, डोळे सगळे तुमच्यावर मात करतात. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहिला की खेळ संपला. वाळलेल्या पानावर पाय पडला की खेळ संपला. म्हणून बाणाने शिकार करणाऱ्याला जनावराची रीतभात बंदूकवाल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असावी लागते. ते पाण्यावर कधी येतं, कुठल्या वाटेने येतं, येण्याआधी किती वेळ थांबून हुंगतं, हे सगळं.

अमेरिकेत आजही पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार धनुष्यबाणाने करतात. तिथलं हे हरीण पळताना शेपटीची पांढरी खालची बाजू वर करून बाकीच्यांना इशारा देतं. सरकारी जंगलात, परवाना काढून, ठरवून दिलेल्या हंगामात ही शिकार चालते. विस्कॉन्सिन राज्याने 1934 साली असा धनुष्याचा वेगळा हंगाम पहिल्यांदा सुरू केला. त्याच राज्यातल्या विद्यापीठात आल्डो लिओपोल्ड नावाचा एक प्राध्यापक होता. हा गडी स्वतः धनुष्य घडवायचा, स्वतःच्या हाताने बाण तयार करायचा आणि हरणामागे रानोमाळ हिंडायचा. आणि जगभरात आज त्याचं नाव घेतलं जातं ते वन्यजीव वाचवण्याचं शास्त्र उभं करणारा माणूस म्हणून! त्याचं प्रसिद्ध पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1949 साली आलं, म्हणजे 'माणदेशी माणसं' आलं त्याच वर्षी. आपल्याकडे जिम कॉर्बेटचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. नरभक्षक वाघांमागे बंदूक घेऊन फिरलेला हा माणूस पुढे कॅमेरा घेऊन वाघांमागे गेला. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने तर वाघाच्या पायाने तार ओढली जाऊन आपोआप फोटो निघेल अशी युक्ती केली होती. त्याचं पुस्तक 1927 सालचं, माडगूळकरांच्या जन्मवर्षातलं.

म्हणजे शिकारी माणूस पुढे जनावरांचा राखणदार किंवा अभ्यासक होतो, ही गोष्ट एकट्या माडगूळकरांच्या बाबतीत घडलेली नाही. याचं कारण दयामाया एवढंच असेल असं मला वाटत नाही. मला ते कारण अंतराचं वाटतं. हातातलं हत्यार जितकं साधं, तितकं जनावराच्या जवळ जावं लागतं. आणि हातात काहीच नसेल, नुसती वही आणि पेन्सिल असेल, तर जवळ जाऊन थांबावंही लागतं. गोळी सुटली की शिकार संपते. चित्र काढायचं तर जनावर उभं राहायला पाहिजे, वळायला पाहिजे, परत दुसऱ्या दिवशी यायला पाहिजे.

माडगूळकर रानात हिंडत होते ते शिकारी म्हणून. पण त्यांचं लिखाण वाचलं तर दिसतं की गोळीच्या आधीचं आणि नंतरचं त्यांना जास्त दिसत होतं. पहाटेचा वास, सोबतच्या वाटाड्याचं चालणं, जनावराची नजर. हळूहळू त्यांनी बंदूक बाजूला ठेवली. या बदलाचा एक ठरावीक दिवस सांगता येईल असं मला वाटत नाही. लोकांना अशा गोष्टीत एखादा चमत्काराचा क्षण हवा असतो, मरणाऱ्या हरिणीचे डोळे वगैरे. माडगूळकर तसलं भाबडं लिहिणारे नव्हते. आपण शिकार केली, ती आवडत होती, हे त्यांनी कधी लपवलं नाही. मला हा त्यांचा मोठेपणा वाटतो.

देशातली हवाही बदलत होती. 1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. तरीही काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने कागदावर शिल्लक होतेच, ते 1991 च्या दुरुस्तीने संपले. म्हणजे माडगूळकरांनी बंदूक ठेवली तेव्हा कायद्याने सगळ्याच वाटा बंद केल्या होत्या असं नाही. ज्यांना शिकार करायची होती ते वाट काढत होते. आपला नागझिरा 1970 सालीच अभयारण्य झाला होता.

एखाद्या अरण्यात महिना-दीड महिना मुक्काम करावा, प्राणी, पक्षी, झाडं बघत पोटभर भटकावं, ही कल्पना पाच-सहा वर्षं त्यांच्या डोक्यात घोळत होती. नोकरी करणाऱ्या माणसाला हे सोपं नसतं. रजा, पैसा, परवानगी, तब्येत, घरचं, सगळं जुळून यावं लागतं. ते जुळलं आणि त्यांनी निवडलं ते भंडारा जिल्ह्यातलं नागझिरा. त्या मुक्कामावरचं पुस्तक 1979 साली प्रसिद्ध झालं. तोपर्यंत मराठीत शिकारकथा होत्या, प्रवासवर्णनं होती. पण एका जंगलात राहून, काही न मारता, दिवसामागून दिवस जे दिसलं ते लिहायचं, असं पुस्तक मराठीत नव्हतं म्हटलं तरी चालेल. परदेशात निसर्गाचे अभ्यासक असं करतात, मग आपण का करू नये, असा तो प्रयत्न होता.

नागझिरा तुमच्यापैकी काही जणांनी पाहिला असेल, सहलीत का होईना. साकोलीवरून पिटेझरीच्या फाटकाने आत गेलं की डांबरी जग मागे पडतं. सुमारे 153 चौरस किलोमीटरचं मूळ अभयारण्य. साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबूची बेटं. मधोमध डोंगरांच्या कुशीत तलाव. वरून पाझरणारा झरा बारमाही, आणि जवळच नागाचं देऊळ, त्यावरून नागझिरा. तिथल्या विश्रामगृहांत विजेचे दिवे नाहीत. अंधार पडला की खराच अंधार पडतो. चितळ, सांबर, भेकर, चौसिंगा, रोही, गवे, अस्वल, बिबट्या, वाघ, रानकुत्री असं सगळं गोत तिथं आहे.

आता इथलं जनावर बघायचं तर सगळ्यात चांगला हंगाम कोणता? उत्तर आपल्या भागातला कुणीही म्हातारा देईल : उन्हाळा. आणि सगळ्यात अवघड हंगाम कोणता? तोही उन्हाळाच. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. झाडांची पानं गळून गेलेली, त्यामुळे लांबचं दिसतं. पण ती सगळी पानं खाली पडलेली, पापडासारखी वाळलेली. एक पाऊल टाकलं की पन्नास पावलांवरचं चितळ कान टवकारतं. नाले आटलेले, डबकी सुकलेली, म्हणून उरलेल्या पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं. चितळाला यावं लागतं आणि चितळावर जगणाऱ्यांनाही. पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या आणि पुढे तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायाबापड्या जंगलाच्या काठाने फिरत असतात, त्याच मोहाखाली रात्री अस्वल येऊन गेलेलं असतं. वणव्याची भीती वेगळीच. अशा दिवसांत लपणात बसायचं म्हणजे अंगाची परीक्षा. घाम डोळ्यांत उतरतो, माश्या तोंडावर बसतात आणि हात हलवून त्या हाकलायच्या नाहीत. पाणी जपून प्यायचं. खोकला आला तर गिळायचा. बाण घेऊन बसलेल्या गोंड शिकाऱ्याने शेकडो वर्षं हेच केलं आणि वही घेऊन बसणाऱ्यालाही हेच करावं लागतं. यात सूट नाही.

'नागझिरा' वाचताना मला हेच सारखं जाणवतं की शिकाऱ्याची एकही विद्या माडगूळकरांनी वाया जाऊ दिली नाही. माग कसा ओळखायचा, लेंड्या ताज्या की शिळ्या हे कसं बघायचं, वारा कुठून आहे, ही सगळी कसबं शिकारीतली. रानातले आवाजही तसेच. वानर झाडावर बसून खोकल्यासारखं ओरडलं, मग चितळाने तीक्ष्ण शीळ घातल्यासारखी हाक दिली आणि शेवटी सांबर पोंक करून ओरडलं, की जाणता माणूस समजतो, वाघ नाहीतर बिबट्या चालतो आहे आणि तो अमुक दिशेने चालला आहे. शिकारी हे ऐकून बंदूक सावरतो. लेखक ऐकून कान देतो. ऐकण्याची विद्या एकच.

वानर आणि चितळांची दोस्ती तुम्हाला ठाऊक आहे का? वानरं झाडावर बसून पानं-फळं खातात, अर्धी खाऊन खाली टाकतात. चितळं झाडाखाली गोळा होतात आणि ती वेचून खातात. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला वासाने आणि कानाने कळतं. धोका आला की दोघं एकमेकांना सावध करतात. आता हे एका दिवसात कळत नाही. रोज त्याच झाडाखाली जाऊन बसावं लागतं. आजच्या जिप्सीतल्या सफारीत हे दिसणं अवघड आहे, कारण तिथं सगळ्यांना फक्त वाघ हवा असतो. वाघ दिसला नाही तर तोंड पाडून लोक परत येतात आणि शंभर चितळं, वीस गवे, डोक्यावरून गेलेला मत्स्यगरुड, सगळं फुकट गेलं म्हणतात! असो.

वानरांकडे बघण्यातूनच पुढे एक मोठी गोष्ट झाली. 1982 साली माडगूळकरांची 'सत्तांतर' ही छोटीशी कादंबरी आली. पात्रं सगळी वानरं. एका टोळीचा म्हातारा होत चाललेला मुख्य नर, त्याच्या जागेवर डोळा ठेवून असलेले उपरे नर, माद्या, पिल्लं आणि मारामारी. नवा नर टोळीवर कब्जा करतो तेव्हा आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो, हे वानरांच्या बाबतीत खरोखर घडतं. जपानी अभ्यासक सुगियामा यांनी 1960 च्या दशकात धारवाडच्या जंगलात हे नोंदवलं आणि सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या वानरांवर वर्षानुवर्षं काम करून 1977 साली पुस्तक लिहिलं. शास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्यावरून मोठा वाद झाला. माडगूळकरांनी तो सगळा व्यवहार मराठीत, पाल्हाळ न लावता, कुठंही गळा न काढता लिहिला. सत्ता म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या कादंबरीत लवकर कळतं असं मी वर्गात गमतीने म्हणतो. 1983 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही होते. शाळेचा दाखला नसलेला माणूस मराठी लेखकांच्या सगळ्यात मानाच्या खुर्चीवर बसला.

जंगलावरचं त्यांचं लिखाण पुढेही चालू राहिलं. 'जंगलातील दिवस' हे त्यातलं आणखी एक पुस्तक. स्वतःच्या पुस्तकांसाठी ते स्वतः रेखाटनं करत. थोडक्या रेषा, जादा छाया-प्रकाश नाही. त्यांची वाक्यंही तशीच असतात, ती तपासून बघा. विशेषणं जवळजवळ नसतातच. आपण निबंधात लिहितो तसं निसर्गरम्य, नयनमनोहर, विलोभनीय असलं काही त्यांच्याकडे सापडणार नाही. झाड असेल तर झाडाचं नाव असतं. पक्षी बसला असेल तर कुठल्या फांदीवर, ते असतं. निबंधाला मार्क कमी पडतात अशी तक्रार करणाऱ्यांनी एक पान माडगूळकरांचं उतरवून काढावं, हा माझा नेहमीचा सल्ला आहे.

त्यांच्याच सुमाराला आपल्या जिल्ह्यात आणखी एक माणूस हे रान वाचत होता. वनाधिकारी मारुती चितमपल्ली. नवेगावबांध आणि नागझिरा परिसरात त्यांची नोकरी झाली आणि त्यांनी तिथल्या पक्ष्यांवर, झाडांवर, रानातल्या माणसांवर लिहिलं. एक मुक्कामाला आलेला पाहुणा आणि दुसरा तिथंच नोकरी केलेला. दोघांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर एकाच रानाच्या दोन नकाशांसारखी वाटतात. चितमपल्लींकडे माहितीचा साठा दांडगा, गोंडांकडून ऐकलेल्या कथा, झाडांची नावं, औषधं. माडगूळकरांकडे नजर. मला स्वतःला माडगूळकर जरा जास्त आवडतात, पण हा आवडीचा भाग आहे.

एक अडचणीचा प्रश्नही विचारायला हवा. वर्गात मुलं तो विचारतातच. ज्याने आधी शिकार केली, त्याने नंतर जंगलाबद्दल प्रेमाने लिहिलं, यात काय मोठं? आणि ज्याच्या बांधीतलं धान रानडुकरं एका रात्रीत लोळवून टाकतात, त्या शेतकऱ्याने रोही आणि चितळं कौतुकाने बघत बसायचं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी वर अंतराच्या गोष्टीत देऊन बसलोय. दुसऱ्याचं उत्तर माडगूळकरांच्या पुस्तकात नाही, आणि ते तिथं शोधूही नये. महिनाभर मुक्कामाला आलेल्या माणसाला पीक राखायचं नसतं. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, तलाठी, वनरक्षक यांच्या चकरा आपल्या बापाला माराव्या लागतात. तो वेळेवर मिळाला नाही की कुणीतरी बांधावर तारेत वीज सोडतो, डुकरासाठी सोडलेल्या विजेत कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस. धनुष्य घेऊन वीस पावलांवर बसणाऱ्याला समोर कोण आहे ते तरी दिसत होतं. तारेला काहीच दिसत नाही.

माडगूळकरांचं निधन 2001 साली पुण्यात झालं. त्याआधी दोन वर्षं, 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि नागझिऱ्याचा बराचसा भाग तिकडे गेला. म्हणून पुस्तकात भंडारा जिल्हा छापलेला दिसतो आणि नकाशात गोंदिया. दोन्ही बरोबर आहे. पिटेझरीचं फाटक मात्र अजून आपल्या साकोली तालुक्यात आहे. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि आपल्या भंडारा शहराजवळचं कोका अशी अभयारण्यं एकत्र करून महाराष्ट्रातला पाचवा व्याघ्रप्रकल्प झाला.

आता उपक्रम. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरच्यांना सांगून, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, गावच्या बोडीवर किंवा मामा तलावाच्या पाळीवर सकाळी सहा ते सात एक तास बसायचं. रानात आत जायचं नाही. मोबाईल घरी ठेवायचा. आधी चिमूटभर माती हातातून सोडून वारा कुठून आहे ते बघायचं आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला, झाडाला पाठ लावून बसायचं. वहीत वेळ लिहायची, कोण आलं ते लिहायचं, कुठल्या वाटेने आलं, पाणी पिण्याआधी किती वेळ थांबलं, कुणाला बघून उडालं. नाव माहीत नसेल तर चित्र काढायचं, चित्र वाकडं आलं तरी चालेल. विशेषण एकही वापरायचं नाही. सलग तीन दिवस त्याच जागी बसायचं. जून महिन्यात शाळा उघडली की वह्या माझ्याकडे आणून द्यायच्या.